दोन बोटं सैल

बटणवाला बोलायला फार गोड. त्याच्या पेटीत बटणं कमी आणि बातम्या जास्त, असं शिवणाच्या दुकानातली थोरली जाऊ म्हणायची आणि तरी दर खेपेला त्याला बसायला स्टूल द्यायची. त्या दिवशी त्याने कोटाची मोठी बटणं काउंटरवर ओतली. थोरलीने त्यातली मूठभर दारापाशी नेऊन उजेडात फिरवून पाहिली, कारण बटणवाल्याच्या शब्दावर बटण घ्यायचं नाही हा तिचा नियम होता. तो पेटी मिटता मिटता म्हणाला, “तुमच्या जाऊबाई दिसल्या परवा. पुलाच्या तोंडाशी. त्या शोरूमच्या मॅनेजरशी बोलत होत्या. चांगल्या हसत होत्या. बरं वाटलं बघून.”

एवढी काडी टाकून तो गेला. त्याला कुठे बरं वाटलं आणि कुठे गुदगुल्या झाल्या, हे देव जाणे.

दुकान दोन जावांचं. थोरली मापं घेई आणि कापड कापी. धाकटी शिवी, आणि तयार कपडे सायकलवर बांधून गिऱ्हाइकांकडे पोचवी. थोरलीचा नवरा मागेच वारला होता. धाकटीचा नवरा लांबच्या बंदरात क्रेन चालवायचा. वर्षाकाठी एकदा यायचा, दोन्ही मशिनांना तेल घालायचा, एक-दोन खिळे ठोकायचा आणि जायचा. जावा-जावांचं पटत नाही असं जग म्हणतं. या दोघींचं पटायचं, त्यामुळे जगाची जरा पंचाईतच झाली होती.

पुलापलीकडे तयार कपड्यांचं काचेचं शोरूम उघडलं, तेव्हापासून थोरलीच्या मनात पाल चुकचुकत होती. तिथे पँटची लांबी कमी करायला, कंबर आत घ्यायला शिवणारं माणूस हवं होतं. तसा कागदच काचेवर चिकटवलेला. थोरली भाजीला म्हणून निघाली आणि तेवढा लांबचा फेरा मारून तो कागद स्वतःच्या डोळ्यांनी वाचून आली होती. तिचं उजवं मनगट आता मशीनवर चालत नव्हतं. थोडा वेळ बसलं की बोटं बधिर व्हायची. म्हणजे धाकटी गेली तर दुकान गेलं. हे झालं पोटाचं. पण खरं सांगायचं तर थोरलीला पोटाची काळजी त्यामानाने कमी होती. संध्याकाळी शटर ओढलं की दोघी वरच्या खोलीत जेवायला बसत, आणि दिवसभरात आलेल्या गिऱ्हाइकांच्या नकला धाकटी करून दाखवी. पोट आत ओढून माप देणारा, आरशात फक्त स्वतःचा चेहरा बघणारा, “जरा इथे ढिलं, पण तिथे घट्ट” म्हणणारी. थोरली हसून हसून ताटावरून उठायची. ते गेलं तर रोज भिंतींशी बोलत जेवायचं. धाकटी जाऊ नये, बाकी काही नको, एवढंच तिचं मागणं होतं.

आता कोणीही शहाणं माणूस संध्याकाळी म्हणालं असतं, “काय गं, मॅनेजर काय म्हणत होता?” विषय तिथल्या तिथे मिटला असता. पण संशयी माणसाला सरळ विचारता येत नाही, कारण मिळालेल्या उत्तरावर त्याचा भरवसा कुठे असतो? थोरलीने विचारलं नाही. ती पाहत राहिली. डोळ्यांत तेल घालून पाहिलं की दिसायला काय, सगळंच दिसतं. धाकटीचा फोन वाजला की ती मशीन सोडून मागच्या बोळात जाते, हे दिसलं. बोळातून आली की नाकाचा शेंडा लाल असतो, हेही दिसलं. एकदा ती सहज म्हणाली, “जाऊबाई, काजं करायला एखादी बाई ठेवली तर? तुम्हाला सोबत पण होईल.” सोबत! थोरलीच्या हातातली कातर तिथेच थांबली. असलेली सोबत कुठे निघाली मग?

सुतावरून स्वर्ग गाठायला शिंप्याला कितीसा वेळ लागतो!

मीटरची कल्पना मात्र धाकटीच्याच तोंडून आलेली. एका गिऱ्हाइकाच्या सायकलच्या हँडलवर तिने काडेपेटीएवढा पडदा पाहिला होता. किती चाललो, किती वेगाने चाललो, सगळं दाखवणारा. तेव्हापासून घामाघूम होऊन परतली की म्हणायची, “आज किती किलोमीटर झाले असतील हो? असं काहीतरी आपल्या सायकलला असायला पाहिजे.” थोरली तेव्हा “हं” म्हणायची. आता तिला ते आठवलं. धाकटीचा वाढदिवस आठवड्यावर आला होता. एका दगडात दोन पक्षी. आणि धाकटीच्या दृष्टीने पाहिलं तर दगड नाहीच, भेटवस्तू.

दुपारी धाकटी अस्तराचं कापड आणायला बाजारात पायी गेली, तशी थोरलीने सायकल काढली आणि हाताने ढकलत सायकलवाल्याच्या दुकानात नेली.

सायकलवाला तेलकट हात पुसत पुढे आला. “सायकल कॉम्प्युटर? आहेत की.” त्याने काचेखालून तीन डब्या काढून मांडल्या आणि सगळ्यांत महागडीपासून सुरुवात केली. थोरलीने लगेच ओळखलं: हा महागडी गळ्यात मारणार.

“हा बघा. उपग्रहाशी बोलतो. कुठून निघालात, कुठे वळलात, कुठे थांबलात, सगळा नकाशा फोनवर.”

“कुणाच्या फोनवर?”

“ज्याची सायकल त्याच्या.”

थोरलीने डबी बाजूला सारली. नकाशा धाकटीच्या फोनवर गेला तर तिला काय कामाचा? आणि धाकटीला पुसायला कितीसा वेळ लागणार? शिवाय उपग्रह कुणाचा, तो आणखी कुणाला काय सांगतो, याचा पत्ता नाही. बटणवाला एक पुरेसा होता. बिचारीला हे कळलं नाही की त्या तिघांत खरं सांगू शकणारा तोच एक होता. धाकटी कुठे वळली आणि कुठे वळली नाही, हे त्याने रेघ ओढून दाखवलं असतं.

“हा दुसरा बिनतारी. चाकावर एक तुकडा, हँडलवर पडदा. मध्ये तार नाही. दिसायला एकदम साफ.”

“मध्ये तार नाही तर याला कसं कळतं?”

“हवेतून.”

“आणि शेजारून दुसरी सायकल गेली तर? तिचंही हवेतून येईल.”

“सहसा नाही येत.”

“सहसा,” थोरली म्हणाली, आणि दुसरी डबीही गेली.

तिसरी डबी सगळ्यांत साधी. राखाडी पडदा, एकच बटण, खाली लोंबणारी काळी तार. सायकलवाल्याने समजावून सांगितलं. चाकाच्या एका आऱ्याला छोटं लोहचुंबक लावायचं आणि पुढच्या दांड्याला एक डोळा. चाक एकदा फिरलं की चुंबक डोळ्यासमोरून जातं. डोळा एक मोजतो आणि तारेतून वर कळवतो. वरचा पडदा त्या फेऱ्यांना चाकाच्या घेराने गुणतो आणि अंतर सांगतो. वेग, आजचं अंतर, एकूण अंतर आणि घड्याळ. बाकी काही नाही.

थोरलीला हे पटलं. तार दिसत होती. हातात धरून इकडून तिकडे बोट फिरवता येत होतं. जो दोरा दिसतो त्याचीच शिवण खरी, हे तिला आयुष्यभराच्या कामाने शिकवलं होतं.

“यातलं पुसता येतं?”

“आजचं अंतर शून्य करता येतं. एकूण अंतर सहजासहजी नाही जात.”

“आणि हा खोटं बोलतो का?”

सायकलवाला हसला. “बाई, तो आपण शिकवू तेवढंच बोलतो. चाकाचा घेर बरोबर भरला तर बरोबर सांगतो. त्याचा हा तक्ता.” त्याने घडीचा कागद उलगडला. “टायरवर आकडा असतो, त्यासमोर घेर दिलाय. तो भरला की झालं.”

तक्ता बघताच थोरलीच्या कपाळावर आठी पडली. लहान, मध्यम, मोठं, त्याहून मोठं. अशा तक्त्यांवरच ते काचेचं शोरूम उभं होतं. जगातल्या सगळ्या माणसांना चार मापांत कोंबणारे लोक! तिच्या दुकानात तक्ता चालत नसे. जो अंगावर घालणार त्याचंच माप, आणि तेही उभं करून.

“तक्ता राहू दे,” ती म्हणाली. “माप मी घेते.”

गळ्यातला टेप निघाला. मोठ्या छातीची कितीतरी माणसं त्या टेपाने मापली होती, पण चाक त्याच्याहून मोठं निघालं. थोरली काही हटली नाही. टायरवर खडूने खूण केली, अर्ध्याचं माप घेतलं, पुन्हा खूण, उरलेलं अर्धं. आणि दोन्ही वेळा, मापाचा आकडा वाचताना, तिच्या डाव्या हाताची दोन बोटं टेपाच्या आत सरकली. हे तिला कळलंही नाही. छातीचं माप घेताना टेपाच्या आत दोन बोटं घालायची, म्हणजे कपडा अंगाला आवळत नाही, श्वास घेता येतो. तिच्या सासऱ्यांनी तिला पहिल्या दिवशी शिकवलेली गोष्ट. इतक्या वर्षांत ती बोटं डोक्याला विचारायची बंद झाली होती. वर तिने बेरीज करून मायेचं थोडं वाढवलं, कडेला जादा कापड ठेवतात तसं, कारण कमी पडलं तर जोडता येत नाही, जास्त असलं तर आत घेता येतं.

तर असं ते चाक श्वास घेता येईल इतपत सैल मापलं गेलं.

सायकलवाल्याने आकडा ऐकला, तक्त्याकडे पाहिलं. “जरा जास्त वाटतंय.”

“तुमच्या तक्त्याने कधी टेप धरलाय?”

गिऱ्हाइकाशी वाद घालायचा नाही, हे त्याचंही धोरण असावं. त्याने खांदे उडवले आणि तिने सांगितलेला आकडा भरला. थोरली समाधानाने घरी आली. सगळ्या जगावर संशय घेणाऱ्या त्या बाईने आयुष्यात एका गोष्टीवर कधीच संशय घेतला नव्हता, आणि ती म्हणजे तिच्या गळ्यातला टेप.

वाढदिवसाला धाकटीने हँडलवर मीटर पाहिला आणि ती लहान मुलीसारखी टाळ्या पिटायला लागली. “तुमच्या लक्षात होतं? मी तर नुसतं सहज म्हणायचे!” तिने थोरलीला मिठी मारली. मिठीत थोरलीला जरा अवघडल्यासारखं झालं. एक क्षण तिला वाटलं, बोलून टाकावं. पण मिठी मारणारी माणसंच जास्त लपवतात, असा विचार त्या क्षणाच्या पाठीवरच आला आणि तो क्षण गेला.

दुकानासमोरच्या चौकात रस्ते खात्याची पाटी होती. नर्सांच्या वसतिगृहाकडे बाण आणि त्यापुढे पाच. वसतिगृहाचे गणवेश यांच्याच दुकानात शिवले जात, म्हणून धाकटीची तिकडे जवळजवळ रोज फेरी असे. पाच जाऊन, पाच येऊन, दहा. पुलाचा रस्ता वाटेतच डावीकडे फुटे.

पहिल्या दिवशी धाकटी परतली ती ओरडतच. “जाऊबाई, जवळजवळ अकरा! मला वाटायचं दहाच असतील. बघा तरी, मी रोज अकरा किलोमीटर मारते!” तिने पडद्याचा फोटो काढून नवऱ्याला पाठवला.

थोरली हसली. दहाचे अकरा कसे होतात? वाट सोडून पुलावरून शोरूमपर्यंत जाऊन यायला साधारण हा वरचा एकच लागत होता. कागद वाचायला ती स्वतः तेवढं चालली होती.

दुसऱ्या दिवशी तेच. तिसऱ्या दिवशीही. धाकटी रोज सायकल भिंतीला लावायची आणि उत्साहाने आकडा सांगायची, आणि थोरली त्यातून दहा वजा करायची. चोर असा आपणहून बोंबलत येतो का, हा प्रश्न कोणालाही पडला असता. थोरलीलाही पडला. तिने त्याचं उत्तरही शोधून ठेवलं: मला पाटीवरचं अंतर माहीत आहे हे तिला माहीत नाही. मग जवळच्या फेऱ्या तपासल्या. दवाखान्याच्या फेरीला आकडा थोडासाच जास्त निघायचा, वसतिगृहाच्या फेरीला चांगलाच. जवळ गेली की थोडं, लांब गेली की पुष्कळ. हा हिशेब शाळेतल्या कोणालाही दुसराच काही सांगून गेला असता. थोरलीला त्यानेही हेच सांगितलं की लांबच्या फेरीला हिला वेळ जास्त मिळतो आणि तेव्हाच ही पुलावर वळते. एकदा संशयाचा चष्मा चढला की पांढरा दोरासुद्धा काळा दिसतो.

जेवताना धाकटी नकला करायची आणि थोरलीचं हसू उशिरा यायचं. धाकटीने विचारलं, “बरं नाही का?” थोरली म्हणाली, “मनगट.”

शेवटी फुटलं ते दुपारी, आणि भलत्याच वेळी. वकीलसाहेब नव्या कोटाची ट्रायल द्यायला आले होते. एक बाही लागलेली, दुसरी टाचण्यांवर, पाठीवर खडूच्या रेघा. मागे धाकटी मशीनवर गणवेशाचा खिसा लावत होती. तेवढ्यात तिचा फोन वाजला, आणि ती उठून बोळात गेली. परत आली तेव्हा नाकाचा शेंडा लाल. थोरलीच्या तोंडात एक टाचणी होती. तिने ती काढली, आणि टाचणीबरोबर बाकीचंही बाहेर आलं.

“काय ठरलं मग? कधीपासून जायचं?”

धाकटी दचकली. “कुठे?”

“पुलापलीकडे. मला काय दिसत नाही? वसतिगृहाला जाऊन येऊन दहा होतात. पाटीवर लिहिलंय. तुझे रोज अकराला पोचतात. वरचं अंतर कुठे जातं?”

मशीन थांबलं. वकीलसाहेबांनी हात आडवे धरले होते ते तसेच राहिले, कारण खाली केले तर टाचण्या टोचणार.

“मी कुठेही वळत नाही,” धाकटी म्हणाली. “सरळ जाते, सरळ येते.”

“मीटर खोटं बोलतो?”

धाकटीने बाहेर भिंतीला लावलेल्या सायकलकडे पाहिलं. मग तिला काहीतरी उमगलं, आणि ते थोरलीला तिच्या चेहऱ्यावर चढताना दिसलं. “म्हणजे तो तुम्ही यासाठी आणलात,” ती हळू आवाजात म्हणाली. “मला वाटलं, माझ्यासाठी आणलात.”

थोरलीने विषयच बदलला. “मॅनेजरशी हसत बोलत होतीस ते?”

“त्याने रस्त्यात थांबवलं. म्हणाला, आमच्याकडे येता का. मी म्हटलं, आमचं स्वतःचं दुकान आहे. म्हणून हसले.”

“मग मला का नाही सांगितलंस?”

“सांगितलं असतं तर तुम्ही महिनाभर झोपला नसता. मी काय ओळखत नाही तुम्हाला?”

“आणि बोळातले फोन?”

“मी... नंतर येऊ का?” वकीलसाहेब म्हणाले.

“फोन तुमच्या दिरांचा असतो,” धाकटी म्हणाली. आता तिचा आवाज कापायला लागला होता. “त्यांना तिकडे दोन खोल्या मिळाल्यात. वर्ष होत आलं, ये म्हणतायत. मी नाही म्हणते. जाऊबाईंना एकटं टाकून कशी येऊ, म्हणते. रोज त्यावरून आमचं वाजतं. तुमच्यावरून चाललेलं भांडण तुमच्यासमोर करू का?”

तिने सुई वर घेतली, कापड सोडवलं, दोरा कापला. खिसा अर्धाच लागला होता. तो तसाच घडी करून ठेवून ती जिन्याने वर गेली. थोरलीने वकीलसाहेबांच्या अंगावरून कोट काढला, त्यात एक टाचणी त्यांना टोचली, आणि त्या सभ्य माणसाने तोंडातून आवाजही काढला नाही.

त्या रात्री नकला झाल्या नाहीत. थोरलीला वाटत होतं धाकटी खरं बोलतेय. अगदी आतून वाटत होतं. पण त्याच्या शेजारी ते अंतरही बसलं होतं, आणि ते काही केल्या उठेना. माणूस रडून खोटं बोलू शकतं. आकड्याला रडता येत नाही. असं ती स्वतःला सांगत या कुशीवरून त्या कुशीवर होत राहिली.

सकाळी धाकटी खाली यायच्या आत थोरलीने गणवेशांचं गाठोडं सायकलला बांधलं. मीटर शून्यावर आणला. कित्येक वर्षांनी ती सायकलवर बसली. पहिल्या चढाला छाती भरून आली, मनगटातून कळा निघाल्या. पुलाचा रस्ता आला तेव्हा तिने मान मुद्दाम उजवीकडे वळवली, जणू नुसतं बघितलं तरी अंतर वाढलं असतं. वसतिगृहाच्या फाटकाशी उतरली आणि पडद्याकडे पाहिलं.

पाचाच्या बऱ्याच पुढे. धाकटीला जेवढं जास्त यायचं त्याच्या बरोब्बर निम्मं.

ती फाटकाशी उभी राहिली. पहिल्यांदा तिने तारेवर संशय घेतला. मग सायकलवाल्यावर. मग रस्ते खात्यावर, पाटी रंगवणाऱ्यावर. कोणी म्हणजे कोणी उरलं नाही, तेव्हा तिने गळ्यातला टेप काढला आणि रस्त्याच्या कडेला उकिडवी बसून चाकाला लावला. टेप ताणला, आकडा वाचायला वाकली, आणि तिथे, टायर आणि टेप यांच्यामध्ये, तिला स्वतःची दोन बोटं दिसली.

थोरली तिथेच मातीत बसली. साप साप म्हणून सगळी भुई धोपटली आणि हातात निघालं काय, तर तिचीच बोटं. आधी तिला हसू आलं, इतकं की फाटकावरचा पहारेकरी विचारायला आला. मग डोळ्यांतून पाणी यायला लागलं. मग एकदम तिला घाई झाली. धाकटीला सांगायचं होतं! माप चुकलं, माझंच चुकलं, तू सरळच जात होतीस! हे ऐकलं की धाकटी हसेल, रात्री जेवताना हिचीच नक्कल करील, दोन बोटं चाकात घालून बसलेली म्हातारी. गाठोडं पहारेकऱ्याच्या हाती देऊन ती परत निघाली आणि उतारावर तिने ब्रेकसुद्धा लावला नाही.

धाकटी वरच्या खोलीत होती. पलंगावर बॅग उघडी होती आणि ती कपड्यांच्या घड्या घालत होती.

“अगं, माझंच चुकलं!” थोरलीने दारातूनच सांगायला सुरुवात केली. दम लागला होता, शब्द एकमेकांवर पडत होते. तिने टेप काढून दाखवला, हवेतच चाक केलं, त्यात दोन बोटं घातली. “मी जाऊन आले ना आत्ता! कुठेही न वळता. मलाही तेवढंच आलं. जास्तीचं अंतर तुझं नव्हतंच गं, माझ्या बोटांचं होतं!”

धाकटीने सगळं ऐकून घेतलं. ती हसली नाही. “म्हणजे आज तुम्ही जाऊन खात्री करून आलात.”

“हो! आता माझ्या मनात कणभरही नाही. शपथ.”

“मी काल सांगितलं होतं, सरळ जाते, सरळ येते.”

“हो, पण...”

“काल मी सांगितलं ते तुम्हाला पुरलं नाही,” धाकटी म्हणाली. ती रागावलेली नव्हती, आणि त्यामुळेच थोरलीचे टेप धरलेले हात हवेतच थांबले. “आज मीटरने सांगितलं तेव्हा पटलं. आज मीटरने तुम्हाला बरोबर पाचच दाखवले असते, तर मी आत्ता तुमच्यासाठी कोण असते?”

उत्तर थोरलीला माहीत होतं. धाकटीलाही माहीत होतं. खाली कोणीतरी गिऱ्हाईक दुकानाची कडी वाजवत होतं.

“यांना रात्री फोन केला,” धाकटी म्हणाली. “येते म्हटलं. उद्याची गाडी आहे. गणवेशाचे खिसे तेवढे आज लावून देते.”

“माझं चुकलं,” थोरली म्हणाली. या खेपेला ती मापाबद्दल बोलत नव्हती. “पाया पडते तुझ्या. मला तू जायला नको आहेस. त्याच भीतीने केलं गं मी हे सगळं.”

“कळतंय मला ते.”

“परत येशील ना?”

“येईन म्हटलं, तर विश्वास ठेवाल?”

“ठेवीन,” थोरली म्हणाली. लगेच म्हणाली.

धाकटीने हातातली घडी खाली ठेवली आणि तिच्याकडे नीट पाहिलं. बटण उजेडात फिरवून पाहतात तसं. खरं की खोटं, टिकेल की उसवेल, असं. इतक्या वर्षांत धाकटीने तिच्याकडे या नजरेने एकदाही पाहिलं नव्हतं.

“बघू,” ती म्हणाली, आणि पुन्हा घड्या घालायला लागली.